मर्जीचा कागद

सोनाळा, ता. ३ फेब्रुवारी २०२६

सारिका,

तुले जयभीम. माहा सलाम घ्यायचा का फेकून द्यायचा ते तू ठरव.

फोन लावून लावून माहं बोट झिजलं. पहिले रिंग तरी जात होती, आता लावला का कट. अलफिया म्हणते, अम्मी, त्यायनं तुले ब्लॉक केलं. म्हटलं, बरं बाई, फोन ब्लॉक होते, पोस्टमन काई ब्लॉक होत नाही. माह्या माहेरच्या गावात उर्दू शाळा नव्हती म्हून मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली, ते आज कामी आलं. पण पाकीट फोडाले तुले तुह्या भावाची, नागसेनची गरज पडन, हे पत्ता लिहितानाच ध्यानात आलं.

नागसेनभाऊ, तुम्ही वाचून राह्यले असान त तुमालेही जयभीम. दवाखान्यात तुम्ही माहा डबा दरवाज्यातूनच वापस केला. बहिणीचा पंजा गेला अन् मुकादमीण खिचडी घेऊन उभी, कोणालेही राग येईन. मी बुरा नाही मानला. नाही, खोटं कायले बोलू, मानला. एसटीत बसून शेगावपर्यंत रडली.

आता कामाचं सांगते. ६ मार्चले कामगार खात्याचा साहेब कापसाच्या जिनिंगात चौकशीले येणार हाय. तुहा हात गेला तो कोणाच्या चुकीनं, हे लिहून घेणार. चूक तुही निघाली त भरपाईची फाइल जिथली तिथं बसते म्हणते. अन् पहिला जबाब माहा, काऊन का प्रेसवरच्या बायायची मुकादम मी.

परवा मॅनेजरनं, शेखर साहेबानं, मले हापीसात बोलावलं. सतरा वर्षांत त्या माणसानं मले बस म्हटलं नव्हतं. परवा खुर्ची सरकवली, चहा मागवला. तवाच समजली मी का काईतरी भारी काम हाय. त्यानं टेबलावर दोन कागद ठेवले. एक तुहा, डिसेंबरातला: "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, प्रेस विभागात काम करण्यास संमती देत आहे." खाली तुही सही, गोल गोल. उजव्या हाताची.

दुसरा कागद माह्या नावाचा, टाइप करून तयार. त्यात लिहिलं होतं का सारिका हिनं नियम मोडून मनगटाले चिंधी बांधली होती, सांगूनही ऐकलं नाही, आपल्या मर्जीनं धोका घेतला.

"आपा, यात खोटं काय हाय?" शेखर साहेब म्हणे. "चिंधी होती का नाही?"

"होती," म्हटलं.

"मंग करा सही."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते. वहाबनं हे ऐकलं त खुर्चीतून पडला हसून. म्हणे, या घरात तू कवापासून विचारून करून राह्यली?

सारिका, मर्जीच्या कागदावर सही कर म्हणणारी मीच होती, हे मले कबूल हाय. पहिली सही माही होती, दुसरी तुही. पण त्याचा मले पस्तावा नाही. तुहा राग त्यासाठी असन त मी तुह्याशी भांडीन. नागसेनच्या हातून दोन ओळी लिहून पाठव, मी साहेबापुढं काय बोलू.

नूरआपा

सोनाळा, ता. १२ फेब्रुवारी

सारिका,

तुहं उत्तर नाही. पोस्टमनले तीनदा विचारलं, तो आता मले पाहून सायकल वळवते.

मी मागं लिहिलं का पस्तावा नाही. ते नागसेनले उद्धटपणाचं वाटलं असन, म्हून त्याले समजावून सांगते. तुले माहीत हाय, तू आयकून घे.

भाऊ, प्रेसच्या खोलीत ओपनर असते. खिळे लावलेला मोठा रूळ. दाबून बसलेली रुई तो फोडून मोकळी करते, मंग ती गठाण बांधाले पुढं जाते. जुन्या कायद्यात लिहून होतं का जिथं ओपनर चालते तिथं बाईनं काम कराचं नाही. सरकारले आमच्या हातापायाची भारी काळजी. म्हून सतरा वर्षं मी बाहेर ओट्यावर कापसातला पाला वेचला अन् झाडू मारला. आमचं खानदान पिंजाऱ्याचं. माह्या सासऱ्यानं जिंदगीभर रुई पिंजली, वहाब आजही गाद्या भरते. रुई मले काय शिकवता? पण आतले गडी दुप्पट रोजी घेऊन जात अन् आम्ही त्यायच्या चपलांचा पाला झाडत.

बाई डिंकाले वाघाच्या जंगलात जाते, तिले कोणी अडवत नाही. चुलीच्या धुरात डोळे फोडून घेते, त्याले कायदा नाही. दारू प्याले सरकार लायसन देते, दुकान उघडून देते. अन् मी मशीनपाशी उभी राह्यली का सरकारच्या पोटात दुखते! सरकार काय माही सासू हाय का, इकडं जाऊ नको तिकडं जाऊ नको म्हणाले? आपल्या मर्जीनं मराले आम्ही मोकळ्या, कमावाले नाही. हे मी शेठले तोंडावर म्हटलं होतं, अन् तू माह्या मागं उभी राहून माही ओढणी धरली होती. भेवानं नाही, हसू दाबाले.

दिवाळीनंतर कायदा बदलला. बाईची लेखी मर्जी असली त काम करू द्या. त्या दिवशी आपण तेरा जणी पेढे घेऊन पीराच्या दर्ग्यावर गेलो, तिथून विहारात गेलो. आठवते ना?

आता काल काय झालं ते सांगते. बाकीच्या अकरा जणी माह्या घरी आल्या. माही अलफिया त्यायच्यातच, घरच्या पोरीवानी आत नाही आली, त्यायच्यासोबत ओट्यावर बसली. करिष्मा बोलली, तिची जीभ सगळ्यात तेज.

"आपा, चिंधी सगळ्यायच्याच हाताले होती, हे साहेबापुढं निघालं त शेखर साहेब सगळ्यायले काढीन. म्हणीन, बायायले नियम पाळता येत नाही. परत झाडू हाती देईन."

"मंग मी काय म्हणू?"

"म्हण का फक्त सारिकाच्या हाताले होती."

मी म्हटलं, लाज नाही वाटत तुमाले? दवाखान्यात तिच्यासाठी रगत कोणी देलं, तूच देलं ना?

करिष्मा रडाले लागली. "रगत देलं आपा, नोकरी कशी देऊ?"

तिचा बाप लकव्यानं पडून हाय, त्या रोजीवर घर चालते. अलफियाचं त तुले माहीत हाय. तीन ठिकाणचे पाहाले आले, तिनं तिन्हीले नाही म्हटलं, म्हणे पहिले मी नर्सिंगची फी जमवते. ती मान खाली घालून बसली होती. तीही तेच मागून राह्यली होती.

वहाब रात्री जेवताना म्हणे, "जुना कायदा बरा होता. तिचा हात त वाचला असता." मी डेगचीचं झाकण फेकून मारलं. म्हटलं, मागच्या साली त्याच ओपनरवर बिहारच्या गड्याची दोन बोटं गेली, तवा कोणी म्हटलं का माणसायले आत येऊ देऊ नका? बाईचा हात गेला का बाई काढा, माणसाचा गेला का पट्टी बांधा. तो जेवून झोपी गेला. पण झोप मलेच आली नाही.

खरं बोलू त अकरा घरं बसतात. खोटं बोलू त तू बसते. इकडं आड अन् तिकडं विहीर, सारिका, अन् मधी उभं राहाले जागा इतकुशी.

नूरआपा

सोनाळा, ता. २४ फेब्रुवारी

सारिका,

सहावा रोजा हाय आज. उन्हाची तिरीप आतापासूनच डोक्यात जाते.

काल बाजारात तुह्या सासूबाई भेटल्या. सिंधूताई मले पाहून दुसरीकडं वळतीन असं वाटलं, पण त्या सरळ आल्या अन् माह्या पुढ्यात उभ्या राह्यल्या. म्हणे, "नूरजहां, बांगड्या काढू नको असं तिले मीच म्हटलं होतं. पोरगं ट्रकवर, कुठं आसामात नाही त बंगालात. सुनेचे हात मोकळे पाहून मले कसंसंच होये. माह्याच तोंडाले आग लागो." अन् भर बाजारात स्वतःच्या गालावर मारून घेतलं त्यायनं. लोक पाहाले लागले.

मी त्यायचा हात धरला. तिथंच सांगून टाकाले पायजे होतं का ताई, चूक तुमची नाही. पण मी त्यायले कोपऱ्यावर पाणी पाजलं, ऑटोत बसवलं अन् घरी आली. इतकी भेकड मी कवा झाली?

म्हून आता लिहिते. नागसेनभाऊ, हे तुमाले माहीत नसन. सारिकानं सांगितलं नसन, ती कोणाची चहाडी करत नाही.

प्रेसवरचा पहिला दिवस. शेखर साहेबानं नियम वाचले: बांगडी नको, पदर खोचलेला, केस बांधलेले. सगळ्यायनं बांगड्या काढल्या, सारिका, तुह्यानं निघेना. तुहा नवरा, धम्मरत्नभाऊ, तवा ट्रकवर अन् दोन दिवसांपासून फोन उचलत नव्हता. तू हिरव्या बांगड्या घट्ट धरून उभी, डोळ्यांत पाणी. बाकीच्यायनं तुले पाह्यलं अन् त्यायनंही आपापल्या बांगड्या परत उचलल्या. पहिल्याच दिवशी बायायची लाइन बांगड्यांवरून बंद पडते का काय, मले घाम फुटला.

मी म्हटलं, थांबा वो. माह्या ओढणीची किनार फाडली, तुह्या बांगड्यांवरून गुंडाळली, मनगटाशी गच्च गाठ मारली. वरून पाहाले पट्टा वाटे. म्हटलं, साहेबही खुश अन् सासूही खुश. सगळ्या हसल्या, सगळ्यायनं तसंच केलं. अन् मी रोज सकाळी वहीत सही करत गेली: "बांगड्या तपासल्या."

ती चिंधी माही होती. तुही नाही. शेखर साहेबाच्या कागदात लिहून हाय का सांगूनही ऐकलं नाही. तू त ऐकलं होतं. माहंच ऐकलं होतं.

तो नियम आपल्या भल्याचाच होता, मले काय समजत नव्हतं? रुळापाशी लोंबतं काईच नसावं, हे पिंजाऱ्याच्या घरात लेकरालेही सांगतात. पण मले वाटलं, बाहेरचे लोक आपल्यासाठी नियम करतात, आपल्याले विचारत नाही, त आपणही आपली तोड काढावी. लई हुशार समजली मी स्वतःले.

रोज्यात खोटं बोललं त पोट उपाशी ठेवून काय फायदा? ६ तारखेले मी हे सगळं साहेबाले सांगणार. वहाबले सांगितलं. तो गादीत रुई भरत होता, त्यानं मान वर नाही केली. म्हणे, अलफियाले आधी सांग.

अजून नाही सांगितलं.

त्या दिवशी मशीनपाशी काय झालं ते तुले माहीत अन् मले माहीत. ते आज नाही लिहत.

नूरआपा

सोनाळा, ता. ९ मार्च

सारिका,

हे पत्र नागसेनले वाचू देशीन त दे. लपवाले आता काई राह्यलं नाही.

६ तारखेले साहेब नाही, मॅडम आल्या. चष्मा, साधी साडी, आवाज नरम. मले खुर्ची देली, पाणी विचारलं, मंग स्वतःच म्हणे, अरे हो, तुमचा रोजा असेल. अशा बाईपुढं खरं बोलणं किती सोपं असते. मी घरून वाक्यं पाठ करून गेली होती.

पण हापीसच्या खिडकीले काच हाय, अन् काचेच्या त्या अंगाले अकरा बाया उभ्या होत्या. सगळ्यात पुढं अलफिया. तिनं मले पाह्यलं अन् दोन्ही हात जोडले. माह्या पोरीनं, सारिका. जे पोरगं बापापुढं कवा झुकलं नाही, ते.

मॅडमनं विचारलं, "संमतीपत्रावर सही करताना दबाव होता?"

"नाही."

"चिंधी तिने स्वतःच्या मर्जीने बांधली?"

"हाव."

"तुम्ही तिला हटकलं होतं?"

"हाव."

तीन सवाल, तीन जबाब. मॅडमनं कागद पुढं सरकवला. मी सही केली.

संध्याकाळी बाया इफ्तारले खजूर घेऊन आल्या. करिष्मानं माह्या गळ्यात हात घातले. अलफियानं माहं डोकं दाबून देलं. तोंडात खजूर घेतला. मागच्या दारी जाऊन थुंकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, अन् तोंड दाबणारीही मीच.

आता ते लिहिते जे मागच्या पत्रात नाही लिहिलं.

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळपासून आपली लाइन दोनदा बंद पडली होती, रुई ओली होती म्हून. शेखर साहेबानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "महिला लाइन, बंद दोन वेळा." गडी येता-जाता वाचून हसत. एक जण म्हणे, आता तिसऱ्यांदा बंद कराची असन त आरतीचं ताट आणा. माह्या टाळूले आग लागली होती.

साडेतीनच्या सुमाराले तू वळून म्हटलं, "आपा, चिंधी सुटून राह्यली. मशीन थांबवते." तुहा उजवा हात लाल बटणावर होता. मी पाह्यला. माह्या डोळ्यांपुढं आजही तसाच हाय, पाची बोटांचा.

मी वरडली, "थांबवू नको! चार गठाणी राह्यल्या, होऊ दे!"

तू माह्याकडं पाह्यलं. एक वेळ. मंग बटणावरचा हात काढला, दातानं त्याची गाठ ओढली अन् त्याच हातानं रुई सारत राह्यली. काऊन का आपानं सांगितलं. पुढचं मी लिहू शकत नाही.

सारिका, सतरा वर्षं मी भांडली का बाईले तिचं तिले ठरवू द्या. सरकारशी भांडली, शेठशी भांडली, वहाबले झाकण फेकून मारलं. अन् तू त ठरवलं होतं! तुही मर्जी मशीन थांबवाची होती. ती कायद्यानं मोडली नाही, शेठनं मोडली नाही. मी मोडली. अन् वरून मॅडमले सांगून आली का तिनं आपल्या मर्जीनं धोका घेतला.

तीन दिवस मी घरात जनावरावानी फिरली. कोणाले विचारू? वहाबले विचारलं त तो म्हणे अलफियाले विचार. अलफियाले विचारलं असतं त ती रडली असती. तुले विचाराचं मनात आलं होतं, का हे पत्रच तुह्या हाती द्यावं, तुले वाटन त मॅडमले दाखव, नाही वाटलं त फाडून टाक. मंग समजलं का हा पुन्हा तोच धंदा. ओझं माहं, अन् उचलावं तू.

म्हून आज सकाळी पहिले एक कागद लिहिला, मॅडमच्या नावानं. ६ तारखेचा जबाब खोटा होता, चिंधी माही, वहीतल्या सह्या खोट्या, सगळं. नऊ वाजता टपाल हापीस उघडण्याच्या आधीच दाराशी जाऊन बसली. रजिस्टर केलं. मंग घरी येऊन तुले लिहाले बसली. हे उलटं केलं असतं, आधी तुले लिहिलं असतं, त दुपारपर्यंत माहं मन फिरलं असतं. अलफियानं हात जोडले असते अन् मी तो कागद चुलीत घातला असता. मी मले ओळखते. आपल्याच मर्जीचा भरोसा राह्यला नाही का माणसानं काय करावं? मी त्या मर्जीच्या हाताबाहेर गोष्ट नेऊन ठेवली.

टपालवाल्याले विचारलंही, वापस घेता येते का. तो म्हणे, शिक्का बसला, पोतं गेलं, आता काई होत नाही बाई.

अलफियाले दुपारी सांगितलं. ती आपली बॅग भरून खालेच्या, माह्या बहिणीच्या, घरी गेली. करिष्माले अजून माहीत नाही, उद्या होईन. लाइन बंद होईन का राहीन, कोणाले ठाऊक. मॅडम चांगल्या हायत, पण चांगल्या माणसाचीही कलम कुठं चालन सांगता येत नाही. त्यायनं लिहिलं का बायायले पुन्हा बाहेर बसवा, त सोनाळ्यात मले कोणी पाणी विचारणार नाही. त्यायचंही बरोबर राहीन.

तुह्याकडून माफी नाही मागत. पत्राचं उत्तरही नको. मॅडम तुह्या माहेरी उंद्रीले येतीन, तवा बोलाचं का नाही ते तुहं तू पाह, कोणाच्या सांगण्यावरून काई करू नको. माह्या त अजिबातच नाही. मी लिहिलेल्या कागदाची पहिली ओळ तेवढी तुले सांगून ठेवते, कोणी फिरवून सांगू नये म्हून:

"सारिका मशीन थांबवत होती. मी थांबवू दिली नाही."

नूरजहां